कोरड्या गावातले शीड

आमच्या नगरला समुद्र नाही. सीना नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात पाणी शोधावे लागते. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, पाण्याचे मान मात्र तेच. असल्या गावात आमच्या ओटीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, भर समुद्रात शिडे ताणून निघालेली एक नौका टांगलेली असे. अण्णांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेले ते जुने छापील चित्र. आई म्हणे, "अहो, लक्ष्मीच्या शेजारी हे जहाज कशाला?"

"लक्ष्मी निघाली कुठून? समुद्रातूनच ना? मग माहेरचं कुणी शेजारी असलेलं बरं!"

यावर आई काय बोलणार? लक्ष्मीपूजनाला नौकेलाही एक झेंडूचे फूल मिळे.

नौकेचे नाव 'अमेरिका'. माल वाहायचा नाही, मासे धरायचे नाहीत. न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी १८५१ साली ती शर्यतीच्या हौसेसाठी बांधून घेतली. दोन डोलकाठ्या, लांबी सुमारे शंभर फूट. त्याच वर्षी २२ ऑगस्टला आइल ऑफ वाइट बेटाला फेरी घालताना तिने सगळ्या इंग्रजी नौकांना मागे टाकले. तेव्हा जिंकलेला चषक आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

अण्णांना हे सारे तोंडपाठ. कोणी पाहुणा हसला, तर ते त्याला निजामशाहीत नेत. "नगरला बंदर नव्हतं म्हणता? चौल कुणाचं होतं? १५७० साली पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घालायला इथूनच फौज गेली!" पाहुणा मुकाट्याने चहा पिई.

एका कारकुनाला शिडांचा एवढा नाद का, हे आत्याने मला फार उशिरा सांगितले. शाळेत असताना अण्णांच्या मनात 'डफरिन' या शिक्षणनौकेवर जाऊन दर्यावर्दी व्हायचे होते. अर्जाची तयारीही झाली होती. १९४२ साली आजोबा गेले. मागे तीन धाकटी भावंडे. अण्णा एका कचेरीत चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. याबद्दल त्यांच्या तोंडून कधी एक अक्षर निघाले नाही. फक्त भिंतीवर खिळा ठोकला.

पुढे मी या चित्रांविषयी वाचू लागलो. 'अमेरिके'चा तो विजय रंगवणाऱ्यांत फिट्झ हेन्री लेन हा मोठा चित्रकार. लहानपणीच त्याचे पाय गेलेले. जन्मभर कुबड्यांवर चालला. शर्यतीचे चित्र त्याने ऑस्वल्ड ब्रायरली या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनावरून काढले. ज्याला धड चालता येत नव्हते, त्याने वाऱ्यावर पळणारी नौका रंगवली. मला यात नवल वाटत नाही. मी ओटीवर तेच पाहत वाढलो.

नौकेचा शेवटही मोठा विलक्षण. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती बुडवली गेली, पुन्हा वर काढली, नौदलात राबली. समुद्राने तिला कधी गिळले नाही. म्हातारपणी ॲनापोलिसला किनाऱ्यावर एका छपराखाली तिला ठेवली होती. १९४२ च्या मार्चमध्ये बर्फाच्या भाराने ते छप्पर कोसळले, खाली ती चिरडली, आणि १९४५ साली तिचे उरलेले लाकूडही मोडीत निघाले. उरली ती चित्रे. १९४२ हे साल वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

खरी नौका बाळगायला धनिकांचे मंडळ लागले. तिचे चित्र बाळगायला कारकुनाचा पगार पुरला. चैनीच्या वस्तूंत एवढी सोय क्वचितच असते. मालकांना त्या नौकेने किती सुख दिले, कुणास ठाऊक. पण नगरच्या एका माणसाला तिने कचेरीतून आल्यावर रोज घटकाभर वारा दिला. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्याने विचारले, "दादा, तुला काय हवं?" मी तसबिरींच्या रांगेकडे बोट केले. लक्ष्मी त्याच्याकडे गेली. माहेरचे माणूस माझ्याकडे आले.