उगमापाशी मुक्काम

2023 च्या ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांमधून जायकवाडीत 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यातलं 3.36 टीएमसी भंडारदरा-निळवंड्याचं, म्हणजे प्रवरेचं होतं, आणि 2.10 टीएमसी मुळा धरणाचं. प्रवरा रतनगड-कुलंगच्या डोंगरांत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि ते पाणी प्रवरासंगमला गोदावरीत उतरतं. तिथून नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पैठण, जलवाहिनी आणि जालन्यातला घरचा नळ. या पाण्यावरचा हक्क आपण मराठवाड्यातले लोक रस्त्यावर उतरून आणि न्यायालयात जाऊन मांडतो, आणि तो रास्तच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन तंबू ठोकायला आपण जातो तेही बहुधा याच डोंगरांत. भूजलाचा अभ्यासक म्हणून माझं म्हणणं असं, की जिथलं पाणी हक्काने मागतो तिथे मुक्कामाला गेल्यावर पहिला विचार पाण्याचाच व्हायला हवा. पर्यावरणपूरक सहल म्हटलं की आपण बांबूचा ब्रश, कापडी पिशवी, स्टीलची बाटली जमवतो. ते चांगलंच आहे, पण त्याने फार काही ठरत नाही. तंबू कुठे लागला, खरकटं पाणी कुठे ओतलं आणि सकाळचा विधी कुठे उरकला, यावर सगळं ठरतं.

याचं कारण पायाखालच्या खडकात आहे. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जालन्यात सातशेच्या आत-बाहेर. तरी अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे. घट्ट कातळात पाणी मुरत नाही. ते राहतं भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या झिजलेल्या, मुरमाड पट्ट्यात, आणि असा पट्टा डोंगरउतारावर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. आपल्याकडच्या खोल काळ्या रानात घाण पडली तर मातीतले जिवाणू ती हळूहळू पचवतात, पाणी गाळून खाली जातं. गडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, माती बऱ्याच ठिकाणी वीतभरही नसते, त्याखाली थेट भेग. त्या भेगेत गेलेलं पाणी गाळलं जात नाही, नुसतं जागा बदलतं. वर पठारावर तंबू आणि खाली पायथ्याच्या वाडीचा झरा, यांच्यातलं अंतर नकाशावर मोठं दिसतं, पण पाण्याच्या वाटेने ते फार थोडं असू शकतं.

गडावरचं टाकं नीट पाहिलं तर हे लगेच पटतं. कातळ चौकोनी खोदून केलेला तो हौद. पावसाळ्यात भरतो, मग पुढच्या पावसापर्यंत त्यात सहसा नवं पाणी येत नाही की जुनं वाहून जात नाही. कातळाचं भांडंच म्हणायचं ते. त्याच्या काठावर पिठल्याचं पातेलं साबणाने घासलं, की तो फेस आणि ते तेल पुढचे सात-आठ महिने तिथेच राहतं. ज्यांनी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीने ते खोदलं त्यांनी ते पिण्यासाठी खोदलं होतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा, की आम्ही खड्डा खणून मैला पुरतो. पाण्यापासून दोनशे फूट लांब आणि वीतभर खोल खड्डा, हा अमेरिकेतल्या भटक्यांचा नियम आपल्याकडेही सांगितला जातो. पण हा नियम जिवंत, खोल मातीसाठी आहे. माती नसलेल्या उंच डोंगरांवर तोच नियम सांगणारे लोक मैला पिशवीत भरून खाली आणायला सांगतात; एव्हरेस्टवर तर 2024 पासून गिर्यारोहकांना तसं करणं स्थानिक पालिकेने सक्तीचं केलं. आपला सडा उंचीने एव्हरेस्ट नाही, मातीच्या बाबतीत मात्र तितकाच दरिद्री आहे. दुसरा आक्षेप साबणाचा. डब्यावर ‘निसर्गात विघटन होणारा’ असं लिहिलेलं असतं. ते विघटन मुख्यतः मातीतले जिवाणू करतात आणि त्याला वेळ लागतो. ओढ्यात पडला की तोही साबणच. पाण्यावर तणावाचा जो पातळ पापुद्रा असतो तो साबणाने मोडतो, आणि त्या पापुद्र्यावर पळणारे लांब पायांचे किडे बुडतात.

गावकरीही ओढ्यावर कपडे धुतात, गुरं पाण्यात बसतात, मग आम्हालाच का सांगता, असंही विचारतात. गावाला पिण्याची जागा आणि धुण्याची जागा ठाऊक असते, आणि धुण्याची जागा प्रवाहात खालच्या अंगाला असते. पाहुण्याला हे ठाऊक नसतं. एका रात्रीपुरता येणारा माणूस नेमका सगळ्यात निर्मळ, म्हणजे सगळ्यात वरच्या पाण्यापाशी जातो.

राहिला पेट्रोलचा मुद्दा. जालन्याहून भंडारदऱ्याला जाऊन यायचं तर पाचशेच्या घरात किलोमीटर होतात आणि एका लिटर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेगडीचा गॅस त्यापुढे नगण्य. म्हणून नाशिक रोडपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी हाच मार्ग मी सुचवेन. पण हवेचा हिशेब साऱ्या जगात वाटला जातो, पाण्याचा तसा वाटला जात नाही. तुमच्या साबणाचा थेंब जालन्याच्या नळात येईल असं मी म्हणणार नाही. वाटेत धरणं आहेत, शुद्धीकरण आहे, अफाट पाणी आहे. तो थेंब हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईच्या हंड्यात जातो, एवढंच. मला तेवढं पुरेसं वाटतं.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: गडावर दिवसा जा, मुक्काम पायथ्याच्या गावात करा. गावातल्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात तंबू लागतो, घरचं शौचालय वापरायला मिळतं, आणि पिठलं-भाकरीचे पैसे त्याच घरात राहतात. डोंगरमाथ्यावरची पहाट हुकते, हे खरं आहे. अंधारात विजेरी घेऊन, वाट माहीत असलेल्या गावकऱ्यासोबत निघालं तर तीही बरीचशी मिळते. हा सगळा पट्टा 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि नियम आधी विचारून घ्यावेत. भांडी घासण्याआधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या, उरलेलं पाणी कापडातून गाळून पाण्यापासून लांब मातीवर पसरून टाका, गाळ डब्यात भरून घरी आणा. बाळाचे डायपर आणि ओले रुमाल तर पुरायचेच नाहीत. त्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात.

आणि या दिवाळीत रतनगडाखालच्या रतनवाडीला किंवा पाचनईला उतरलात तर पिशवीतून तंबू काढण्याआधी तिथल्या एखाद्या मावशींना विचारा, की पिण्याचं पाणी कुठून भरता. त्या दाखवतील त्या जागेच्या खालच्या अंगाला तंबू लावा.