वाळूला बांधून ठेवणारा फोग

जैसलमेरहून सम गावाकडे निघालेला प्रवासी बहुधा वाळूच्या टेकड्या पाहायला आणि उंटावर बसायला आलेला असतो. ४० किलोमीटरच्या या वाटेवर जागोजागी उभ्या असलेल्या, काटक्यांच्या मोळ्यांसारख्या झुडपांकडे त्याचे लक्ष जात नाही. पाने जवळजवळ नाहीतच, सावली नावालाच. हा फोग, थरच्या वाळवंटाचा अस्सल रहिवासी.

जैसलमेरच्या भागात वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पुण्यात त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. मे-जूनमध्ये वाळू तव्यासारखी तापते, तर थंडीत पहाटे हातपाय गारठतात. फोगाला हे सारे चालते. पाने चिमुकली आणि लवकर गळून जाणारी, त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात. मुळे वाळूत दूरवर पसरतात. वाऱ्याने वाळू आणून झुडूप अर्धे गाडले, तर गाडलेल्या फांद्यांनाच मुळे फुटतात आणि शेंडे पुन्हा वर डोके काढतात. झुडपापाशी वाळू अडते, थर साचतो आणि सरकणारी टेकडी हळूहळू जागच्या जागी थांबते. आपल्याकडच्या आंबट चुक्याच्या कुळातली ही वनस्पती आहे, हे सांगूनही खरे वाटू नये!

फोगाला हवी मोकळी, खोल वाळू आणि भरपूर ऊन. पाणी साचून राहिलेले मात्र त्याला सोसत नाही. दुष्काळाला पुरून उरणारा हा फोग आता माणसापुढे हरत चालला आहे. त्याचे लाकूड चांगली धग देते, मुळांचा कोळसा तर त्याहून सरस. वरून तोडले तर तो पुन्हा फुटतो, पण मूळच खणून काढल्यावर फुटणार कोठून? उंटाच्या नांगराने शेत करणारा शेतकरी झुडपाला वळसा घालून जात असे. ट्रॅक्टरला तेवढी सवड नसते. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तेथे टेकड्या सपाट झाल्या, गहू-मोहरी डोलू लागली. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी कोसभर चाललेल्या माणसांना त्याबद्दल बोल कोण लावणार? पण फोग गेला की वारा बांधावरची वाळू उचलून त्याच शेतात आणून टाकतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (स्थापना १९५९) टेकड्या आवरण्यासाठी सुचवलेल्या झुडपांत फोगही आहे, तो याचसाठी.

फोग पाहायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा काटक्यांवर बारीक, गुलाबीसर कळ्यांचे घोस लगडतात. बायका त्या खुडून सावलीत वाळवतात. या कळ्या म्हणजे फोगला. बिकानेरच्या बाजारातही तो मिळतो. फोगला उकडून, पाणी पिळून दह्यात कालवायचा. वर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लाल तिखट. असा रायता आणि बाजरीची गरम भाकरी, की उन्हाळ्यातले जेवण झाले.