एका रिक्वेस्टचा माग

वेब ॲप्लिकेशनकडे आलेली रिक्वेस्ट आणि तिला गेलेला रिस्पॉन्स यांची क्रमवार नोंद म्हणजे रिक्वेस्ट-लॉग. वेब सर्व्हर अशी नोंद आपणहून ठेवतात. अपाचेच्या कॉमन लॉग फॉरमॅटमध्ये मागणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, स्टेटस कोड आणि पाठवलेले बाइट एवढे एका ओळीत मिळते. बॉडीत काय आले आणि उत्तरात काय गेले, हे त्या ओळीत नसते.

प्रस्तुत लेखकाला ही उणीव जाणवली ती ऑनलाइन पैसे भरण्याच्या एका सेवेवर काम करताना. खात्यातून पैसे गेले पण ऑर्डर दिसत नाही, अशा तक्रारी येत होत्या. त्या वेळच्या सगळ्या ओळींत स्टेटस कोड २०० होता, म्हणजे सर्व्हरच्या लेखी सारे सुरळीत होते. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना सांगण्याजोगे काहीच हाती नव्हते. तेव्हा स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर चालणाऱ्या त्या सेवेत बॉडीसह नोंद करणारा फिल्टर बसवायचे ठरले.

पहिल्याच चाचणीत प्रत्येक रिक्वेस्ट ४०० कोडसह परत आली. रिक्वेस्टची बॉडी हा प्रवाह असतो आणि तो एकदाच वाचता येतो. फिल्टरने तो वाचून संपवल्यामुळे पुढच्या कोडला बॉडी रिकामी मिळत होती. यासाठी स्प्रिंगमध्ये कंटेंटकॅशिंगरिक्वेस्टरॅपर हा क्लास आहे. वाचली जाणारी बॉडी तो बाजूला साठवत जातो. अर्थात कोणी वाचल्याशिवाय त्यात काही साठत नाही, म्हणून नोंद पुढचे काम आटोपल्यावरच करावी लागते. रिस्पॉन्सच्या जोडीदार क्लासमध्ये साठलेली बॉडी शेवटी मूळ रिस्पॉन्समध्ये उतरवावी लागते. ती ओळ राहून गेली तेव्हा चाचणीत ब्राउझरला कोरे उत्तर मिळाले.

पुढची अडचण गर्दीची. एकाच वेळी चाललेल्या अनेक रिक्वेस्टच्या ओळी लॉगमध्ये एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला आत येताक्षणी एक क्रमांक दिला जातो आणि तिच्या प्रत्येक ओळीवर तो छापला जातो. जावात हा क्रमांक बहुधा थ्रेडशी बांधलेला असतो. थ्रेड पुन्हा वापरले जात असल्याने काम संपताच तो पुसावा लागतो, नाहीतर मागच्या रिक्वेस्टचा क्रमांक पुढचीला चिकटतो. एका सेवेकडून दुसरीकडे क्रमांक नेण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ट्रेसपॅरेंट हा हेडर प्रमाणित केला आहे. त्यातील माग-क्रमांक ३२ षोडशमान अंकांचा असतो.

क्रमांक आल्यावर तक्रारींचा उलगडा झाला. बँकेचे उत्तर ठरलेल्या मुदतीत आले नाही की सेवा ऑर्डर ‘अयशस्वी’ ठरवत होती आणि तसे सांगणारे उत्तर २०० कोडसह पाठवत होती. काही मिनिटांनी बँकेकडून यशाची सूचना येई. पण ऑर्डर आधीच बंद झालेली असल्याने ती सूचना टाकून दिली जाई. मुदत उलटलेल्या ऑर्डरला ‘प्रलंबित’ ही अवस्था दिली आणि उशिरा येणारी सूचना स्वीकारली, तेव्हा या तक्रारी थांबल्या.

मात्र त्याच लॉगमध्ये लोकांचे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी उघड दिसत होते. हा धोका मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड जसेच्या तसे लिहिले गेल्याचे जाहीर केले आणि सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगितले. म्हणून ऑथरायझेशन आणि कुकी हे हेडर, पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा तपशील हे लिहिण्यापूर्वीच झाकावे लागतात. काय झाकायचे याची यादी करण्यापेक्षा काय लिहायचे याची यादी करणे अधिक सुरक्षित. उद्या वाढलेले नवे फील्ड मग आपोआप बाहेर राहते. वेब-पत्त्यातील क्वेरीलाही हाच नियम लागू होतो, कारण पत्ता सर्व्हरच्या साध्या लॉगमध्येही उतरतो.

बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये जाताना निरुपद्रवी करून घ्यावा लागतो. त्यातील नवी ओळ सुरू करणारे चिन्ह तसेच राहिले तर खोटी नोंद घुसवता येते. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या, लॉगफोरजे या जावातील लॉग-लायब्ररीच्या दोषात तर केवळ लॉगमध्ये लिहिल्या गेलेल्या मजकुरातून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता.

शेवटी साठवण. बॉडीच्या नोंदीला लांबीची मर्यादा घालावी, फाइल आणि चित्रे वगळावीत आणि जुने लॉग ठरावीक काळाने हटवावेत. नाहीतर डिस्क भरून सेवाच बंद पडते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. तेवढा काळ ते वाचण्याची मुभा मोजक्या लोकांनाच असावी, आणि कोणी केव्हा वाचले याचीही नोंद राहावी.