बाईंचा हुकूम

परवा नात म्हणाली, "आजी, मी एनडीएची परीक्षा देणार." तिचे आजोबा पेपरातून मान वर काढून म्हणाले, "लढाई म्हणजे बायकांचं काम नव्हे." झालं! जेवणं होईपर्यंत वाद चालला.

मी गप्प होते. मला 2020 सालचा सर्वोच्च न्यायालयातला खटला आठवत होता. जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही, असं तेव्हा सरकारतर्फे मांडलं होतं. कोर्टाने ते मानलं नाही. पुढे 2022 मध्ये मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी शिकून बाहेर पडल्या. पायदळाचं दार मात्र अजून बंदच आहे.

मी तीस वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं. माझी कितीतरी मुलं फौजेत गेली. बाईंनी "उभा राहा" म्हटलं की उभी राहायची. त्यांना ते कधी जड गेलं नाही.

पण दहावीतल्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, "बाई, मला फौजेत जाता येईल?" मी म्हटलं, "तू आपली नर्स हो." तयारी नव्हती ती माझीच. ती मुलगी आता कुठे असेल, कोण जाणे.

भीती आजही वाटते. सीमेवरून बातमी आली की पोटात गोळा येतो. तरी रात्री नातीला म्हटलं, "गणिताचे 300 गुण असतात ना? गणित काही मला येत नाही. पण पहाटे पाचला उठवायचं काम माझं."

आजोबा? त्यांनी गजराचं घड्याळ काढून दिलं. बोलले काहीच नाहीत.