पॅकेज घ्यायचं का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. अलास्काच्या क्रूझबद्दल लिही, असं अनेकांनी सांगून झालं. फोटो तर सगळ्यांनी पाहिलेच आहेत. पण मी टाळत होते, कारण त्या प्रवासातलं मला सगळ्यात जास्त जे आठवतं ती हिमनदी नाही, आणि व्हेल तर नाहीच (एक शेपटी दिसली, तीही मी दुर्बिणीचं झाकण काढेपर्यंत गेली). मला आठवतो तो निघण्याआधीचा महिना आणि 'ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं का?' हा एकच प्रश्न. आज नवऱ्याची परवानगी घेऊन लिहितेय. परवानगी कशाला, ते पुढे कळेल.

तर २०२४ च्या जूनमध्ये आम्ही चार कुटुंबं निघालो. सगळी आमच्या मंडळातलीच, गणपतीत एकत्र मोदक वळणारी. मुलं मोठी झालेली, त्यामुळे फक्त आठ मोठी माणसं. सिअ‍ॅटलहून निघायचं, जूनो, स्कॅगवे, केचिकन, मध्ये एक दिवस ग्लेशियर बे, आणि परतताना एका संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. (ही संध्याकाळ उगाच नसते बरं का. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून नुसती अमेरिकन बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एखादं परकं बंदर लागतंच.)

तिकिटं झाली, आणि जहाज कंपनीच्या ईमेल सुरू झाल्या. क्रूझच्या तिकिटात जेवण असतं, पाणी, साधा चहा-कॉफी, नाश्त्याला ज्यूस हेही असतं. पण दारू, सोडा, मशीनवरची चांगली कॉफी, हे सगळं वेगळं. त्यासाठी पॅकेज. आमच्या जहाजावर माणशी दिवसाला ७० डॉलर, वर १८ टक्के टिप. प्यायचं तेवढं प्या. आधी घेतलंत तर हा भाव, जहाजावर चढून घेतलंत तर जास्त. आणि सवलत संपायला चारच दिवस! (दर चार दिवसांनी पुन्हा चारच दिवस.)

मी अकाउंट्समधली बाई. एक्सेल उघडलंच. ७० अधिक १८ टक्के म्हणजे दिवसाला ८२.६०. कॉकटेल १४ डॉलरला, टिप धरून १६.५२. म्हणजे बरोब्बर पाच कॉकटेलं प्यायली की पैसे वसूल. रोज पाच. सातही दिवस पाच, कारण पॅकेज पूर्ण प्रवासाचंच घ्यावं लागतं, एका दिवसाचं मिळत नाही. त्यात बंदराच्या दिवशी आपण सात-आठ तास जहाजाबाहेर. म्हणजे त्या दिवशी परत आल्यावर कामाला लागायचं :)

आठवड्याची पस्तीस. एका प्रमाण ड्रिंकमध्ये, म्हणजे १२ औंस बिअर, ५ औंस वाईन किंवा दीड औंस व्हिस्की, अमेरिकन हिशोबाने सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. पस्तीस गुणिले चौदा, ४९० ग्रॅम. अर्धा किलो! साखर असती तर डब्यात भरून ठेवली असती.

पण गंमत बघा, हे सगळं मांडूनही मला पॅकेज घ्यावंसंच वाटत होतं. आपल्याकडे वसूल करण्याची खाज असतेच ना. अनलिमिटेड थाळीला गेलो की पोट भरल्यावर खरा सामना सुरू होतो. माझे वडील एरवी अर्धी पोळी कमी खाणारे, पण अशा ठिकाणी पाचवी वाटी आमरस मागवताना चेहरा असा, जणू आपण नाही, समोरचा हरतोय. 'एकदा पैसे भरले की मग बघायला नको' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. दर वेळी कार्ड द्यायचं, सही करायची, मनात बेरीज करायची, त्यापेक्षा एकदाच देऊन मोकळं व्हावं. सुट्टीवर तरी हिशोब नको.

असो. हे झालं एक्सेलचं. खरा प्रश्न एक्सेलमध्ये नव्हता.

अटींमध्ये खाली एक ओळ होती. एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ते घ्यायचं. कारण उघड आहे, एकाच्या कार्डावर दोघं पितील. बऱ्याच कंपन्यांचा असाच नियम असतो.

आणि माझा नवरा २०२२ च्या दिवाळीपासून दारू पीत नाही.

हे इथे पहिल्यांदाच लिहितेय. पुण्या-नाशिकच्या मंडळींपैकी कोणालाच हे माहीत नाही, कारण तो पीत होता हेही फारसं माहीत नव्हतं. म्हणजे 'घेतो अधूनमधून' एवढं माहीत होतं. २०२० मध्ये ऑफिस घरी आलं आणि अधूनमधूनचं रोज झालं. रोजचं सातला, मग सहाला, मग मीटिंग संपली की. आरडाओरडा नाही, मारझोड नाही, नोकरीत खाडा नाही. त्यामुळे मलाही कळूनवळून न कळल्यासारखं करता आलं. रिसायकलिंगचा डबा पहाटे तो स्वतः बाहेर नेऊन ठेवायला लागला तेव्हा मी म्हटलं, वा, घरकामात लक्ष घालतोय. मग तपासणीत लिव्हरचे आकडे आले. डॉक्टरांनी मृदू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं. पाडव्याला ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "आजपासून नाही." मी काही बोलले नाही. असं त्याआधीही दोनदा झालं होतं.

या वेळी टिकलं. पण आम्ही ते कोणाला सांगितलं नाही. पार्टीत तो सोड्यात लिंबू घालून ग्लास हातात धरायचा, आणि बघणाऱ्याला जिन वाटायची. कोणी बाटली घेऊन जवळ आलं की मी मध्ये पडून विषय बदलायची. पावणेदोन वर्षं आमचं हे जोडीचं नाटक बिनबोभाट चालू होतं. आणि आता सात दिवस, चोवीस तास, तीच सहा माणसं. ग्रुपवर एकेकाचे अंगठे येत होते. "आम्ही घेतलं पॅकेज!" "आम्ही पण!" "तुमचं काय?"

नवरा म्हणाला, "घेऊन टाक. मी मॉकटेल पिईन, कोणाला कळतंय?"

दोघांचे मिळून ११५६ डॉलर आणि चाळीस सेंट. कशाचे? तर कोणाला कळू नये याचे. पण मला पैशांपेक्षा दुसरीच भीती होती. त्याच्या खिशात एक कार्ड असणार, ज्यावर प्रत्येक बारमध्ये सगळं फुकट. न पिणाऱ्याला आपण रोज सांगायचं की तू ८२ डॉलर वाया घालवतोयस. वसुलीची ती खाज, जी मला एवढी ओळखीची, तिला त्याच्या खोलीत मुक्कामाला न्यायचं.

हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "एवढे पैसे कशाला?" तो म्हणाला, "तुला तुझी वाईन हवी असते ना?" खरं होतं. मला माझा ग्लास हवा होता, आणि तो हवा असल्याची लाजही वाटत होती. त्या रात्री आम्ही पैशांवरून भांडलो. दोघांनाही ठाऊक होतं की हे पैशांवरून नाही.

दोन दिवसांनी मी कंपनीला फोन लावला. नुसतं विचारायला, की एकाला सूट मिळते का. फोनवरची मुलगी म्हणाली, कारण सांगावं लागेल, आणि ज्याला नको आहे त्यानेच सांगितलेलं बरं. मी फोन स्पीकरवर टाकला. आता तो काहीतरी गोळ्या-औषधांचं सांगेल असं मला वाटलं. तो जरा थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, "मी दारू सोडली आहे. मला ती चालणार नाही."

एवढंच. पलीकडची मुलगी म्हणाली, "अभिनंदन सर, करते नोंद."

मी हे वाक्य त्याच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. पाडव्याला तो 'आजपासून नाही' म्हणाला होता, पण काय नाही, ते वाक्यात नव्हतं. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. १९४९ चा कायदा आहे, आणि 'परमिट रूम'च्या पाट्या वाचत आपण मोठे झालो. इथे न पिण्याचा परवाना काढावा लागला!

सूट मिळाली, म्हणजे मी एकटी पॅकेज घेऊ शकत होते. नाही घेतलं. त्यागबिग काही नाही, रोज पाच मला झेपणार नव्हती. मग त्यानेच ग्रुपवर लिहिलं, "आम्ही पॅकेज घेत नाही. मी दोन वर्षं होत आली सोडली आहे. तुम्ही मजा करा." पाच मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. मग अंगठे, फुलं, नमस्कार. एकाने 'अरे एखादा तर चालतो' असंही लिहिलं, त्याच्या बायकोने दोन मिनिटांत ते पुसायला लावलं असावं. आणि रात्री साडेअकराला त्यांच्यातल्याच एका मित्राचा त्याला वेगळा मेसेज आला : "कशी सोडलीस? फोन करू का?" तो फोन दीड तास चालला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता जहाजावर सगळं छान झालं असं लिहून संपवता आलं असतं. पण तिसऱ्या रात्री, जेवणानंतर, तो "जरा फिरून येतो" म्हणून गेला आणि तासभर आला नाही. मी खोलीत बसून टीव्हीवर आमच्या खोलीचं बिल उघडलं. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येक खरेदी कार्डावर पडते आणि ती तिथे दिसते. मी प्रत्येक ओळ वाचली. जिंजर एल, दोन. हॉट चॉकलेट, एक. बस. मग मी वरच्या डेकवर गेले. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. तो कठड्याला टेकून उभा होता, हातात चॉकलेटचा कप.

"बघितलंस का बिल?" त्याने विचारलं.

"हो."

"मला माहीत होतं. म्हणून सगळं कार्डावरच घेतो."

मला रडू आलं. त्याला नाही आलं. तो म्हणाला, बघत जा, माझी हरकत नाही. त्यानंतर मी बघितलं नाही, असं म्हणणार नाही. एकदा बघितलं.

ग्लेशियर बेच्या दिवशी मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबलं. मैलभर रुंद, पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच बर्फाची भिंत. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७९४ मध्ये व्हँकुव्हर आला तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाखाली होती, जॉन म्यूर १८७९ मध्ये पोचला तोवर बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागे हटलेला होता. एक कडा कोसळला, आणि आवाज मागाहून आला. आम्ही आठही जण गप्प होतो. कोणाच्या हातात काय आहे, याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

शेवटच्या सकाळी बिल आलं. माझी वाईन सहा ग्लास, एक कॉकटेल, दोघांच्या मिळून नऊ कॉफ्या-चॉकलेटं, पाच सोडे. टिप धरून १७८ डॉलर अठरा सेंट. पॅकेजवाल्यांपैकी दोघांनी वसूल केलं, एकाला शेवटचे दोन दिवस जेवण गेलं नाही, बाकीच्यांनी 'साधारण बरोबरीत सुटलो' म्हटलं. त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला साधा आहे. पॅकेजची किंमत टिपसकट धरा, बंदराचे दिवस वजा करा, आणि घरी आठवड्याला किती घेता ते खरं खरं लिहा. कॉफी आणि सोडाच हवा असेल तर त्याचं वेगळं, स्वस्त पॅकेज बहुतेक ठिकाणी असतं. अनेक कंपन्या चढताना माणशी एक वाईनची बाटलीही नेऊ देतात. खोलीत न पिणारं कोणी असेल तर फोन करून विचारा. आणि २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, हे माझा ग्लास भरताना मलाही आठवतं. तरी अधूनमधून भरते. तो म्हणतो, भर. आम्ही अजून यावर नीट बोललेलो नाही.

गेल्या गणपतीत कोणीतरी त्याला विचारलं, "काय घेणार?" तो म्हणाला, "मी घेत नाही. पाणी दे." ग्लासात लिंबू नव्हतं.

आणि हो, पुणे-नाशिककर मंडळींनी हे वाचून लगेच फोन करून त्याची चौकशी करू नये. केलाच तर मोदकांबद्दल बोला :)