अपकीर्तीनंतरचे दिवस

लोकांनीं थोर मानलेल्या पुरुषास दुष्कीर्ति ही मृत्यूपेक्षांही जड वाटते, अशा आशयाचा बोध श्रीकृष्णांनीं गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुनास केला आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु तो बोध युद्धापूर्वींचा आहे. रण सोडून जाऊं पाहणाऱ्या वीरास थांबविण्यासाठीं तो सांगितला गेला. ज्याची अपकीर्ति होऊन चुकली आणि मरण मात्र आलें नाहीं, त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करावें, हा प्रश्न अर्जुनास पडलाच नाहीं. तो तुम्हांआम्हांसारख्या संसारी माणसांस पडतो. आणि आजच्या काळीं तो ज्यांस विशेष तीव्रतेनें पडतो असा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे, तो म्हणजे दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणाऱ्या निवेदकांचा.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं निवेदकाचें काम मर्यादित असे. दुसऱ्यानें लिहिलेलें शुद्ध व स्वच्छ वाचावें आणि नमस्कार करून उठावें. प्रदीप भिडे यांनीं कित्येक वर्षें या रीतीनें मराठी बातम्या वाचल्या. जून २०२२ मध्यें ते निवर्तले, तेव्हां त्यांस कधींही प्रत्यक्ष न पाहिलेल्या आमच्या घरांतही आप्त गेल्यासारखी हळहळ झाली. पुढें २००७ सालीं मराठींत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या आणि निवेदकाची खुर्ची न्यायासनाजवळ सरकली. तोच प्रश्न विचारतो, तोच उत्तर देतो, आणि प्रसंगीं निकालही तोच सांगतो. खुर्ची जितकी उंच, तितकें तीवरून पडणें अवघड, हें ओघानेंच आलें.

बातमी सांगणाऱ्या आवाजाचें मोल आमच्या जिल्ह्यास वेगळें सांगावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यांतील सास्तूर या भागांत हजारों माणसें झोपेंतच दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. पुढें कित्येक रात्री लोक अंगणांत निजत, आणि रोज नवी आवई उठे कीं आज रात्रीं पुन्हां धक्का बसणार. अशा वेळीं ‘आकाशवाणीवर काय सांगितलें?’ एवढाच प्रश्न जो तो विचारी. तेथें सांगितलें तें खरें मानून माणसें डोळा मिटत. ज्या आवाजावर विसंबून माणूस निजतो, त्या आवाजानें खोटें सांगावें हा अपराध लहान नव्हे.

परंतु अपराधाची गोष्ट बोलण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १४ एप्रिल २०२० रोजीं टाळेबंदी वाढविल्याचें जाहीर झालें, आणि त्याच दिवशीं वांद्रे स्थानकाबाहेर गांवीं परतूं इच्छिणाऱ्या मजुरांची मोठी गर्दी लोटली. अडकलेल्या लोकांसाठीं खास गाड्या सोडण्याचा रेल्वेचा विचार असल्याची बातमी त्या दिवशीं ‘एबीपी माझा’ वाहिनीवर देणारे पत्रकार राहुल कुलकर्णी यांस उस्मानाबादेहून अटक करून मुंबईस नेण्यांत आलें. (धाराशिव हें नांव जिल्ह्यास अधिकृतपणें २०२३ सालीं मिळालें.) बातमीस रेल्वेच्याच अंतर्गत पत्राचा आधार होता, असें सांगून वाहिनी त्यांच्या पाठीशीं उभी राहिली, आणि १६ एप्रिल रोजीं न्यायालयानें त्यांस जामीन दिला. अटकेचें दृश्य लोकांच्या डोळ्यांत राहतें. जामिनाचें कोणाच्याच राहत नाहीं. आरोप आणि दोष हे दोन निराळे शब्द आहेत, हें व्याकरण आम्ही मुलांस शिकवितों, पण चावडीवर बसलों कीं स्वतःच विसरतों.

आतां जेथें चूक खरोखर घडली अशीं उदाहरणें घेऊं. क्रिकेटपटु दिलीप सरदेसाई यांचे चिरंजीव राजदीप हे मूळचे गोव्याकडचे आणि इंग्रजी वृत्तनिवेदकांत अग्रगण्य. २६ जानेवारी २०२१ रोजीं दिल्लींत शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर निघाले असतां एका तरुणाचा मृत्यु पोलिसांच्या गोळीनें झाल्याचें त्यांनीं लिहिलें. पोलिसांनीं दाखविलेल्या चित्रफितींत मात्र ट्रॅक्टर उलटलेला दिसला. त्यांच्या संस्थेनें त्यांस दोन आठवडे पडद्यापासून दूर ठेविलें आणि एक महिन्याचें वेतन कापलें. शिक्षा झाली, ती भोगली, आणि ते परतले.

अमेरिकेंतील ब्रायन विल्यम्स यांची कथा याहून दारुण आहे. एनबीसी संस्थेच्या रात्रींच्या बातम्यांचे ते २००४ पासूनचे मुख्य निवेदक. २००३ सालीं इराकच्या युद्धांत आपण बसलों होतों त्या हेलिकॉप्टरवर मारा झाला, असें त्यांनीं जानेवारी २०१५ मध्यें सांगितलें. मारा झाला होता तो दुसऱ्या हेलिकॉप्टरवर, आणि त्यांतले सैनिक जिवंत होते. त्यांनींच हा बनाव उघड केला. फेब्रुवारींत विल्यम्स यांनीं क्षमा मागितली, सहा महिन्यांसाठीं ते बिनपगारी निलंबित झाले, आणि जूनमध्यें ती खुर्ची कायमची दुसऱ्यास देण्यांत आली. त्यांस त्याच संस्थेच्या लहान वाहिनीवर जागा मिळाली. तेथें पुढें रात्रीं अकराचा कार्यक्रम त्यांनीं डिसेंबर २०२१ पर्यंत चालविला. देशाच्या जेवणाच्या वेळेवर ज्याचा अधिकार होता, त्यानें निजानीज झाल्यावर जागणाऱ्या थोड्यांसाठीं बोलावें, यांत मानहानि आहेच; पण आम्हांस त्यांत कांहीं शहाणपणही दिसतें.

तें शहाणपण आम्हांस अधिक स्पष्ट कळलें तें आमच्या हाताखालीं शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्यामुळें. तो मुंबईस एका वाहिनीवर निवेदक होता. वाहिनीचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. शाळेंत तो रामरक्षा म्हणावयास उभा राहिला कीं शेवटच्या बांकावरचीं पोरेंही गप्प होत, असा त्याचा आवाज. एका सायंकाळीं त्यानें एका खेड्यांतील मुख्याध्यापकांनीं मुलांच्या पोषण आहाराचा तांदूळ विकल्याची बातमी दिली, आणि तेवढ्यावर न थांबतां त्या गृहस्थांस ‘तांदूळचोर’ ही पदवीही बहाल केली. दुसरा दिवसभर तीच बातमी फिरत राहिली. चौकशींत त्या शाळेचें कोठार पोत्यागणिक बरोबर निघालें. विकलेला तांदूळ दुसऱ्याच गांवचा होता. वाहिनीनें दिलगिरीची एक ओळ पडद्याच्या तळाशीं सरकविली आणि निवेदकास घरीं पाठविलें.

आतां तो भूम तालुक्यांत आपल्या गांवीं असतो. भूम म्हणजे खव्याच्या भट्ट्यांचा मुलूख. दुधाचा व्यवहार तेथें घरोघर. तो सकाळसंध्याकाळ दूध संकलन केंद्रावर बसून माप घेतो, फॅट पाहतो आणि वहींत लिहितो. आम्ही गेल्या माघांत त्याजकडे गेलों होतों. बोलतां बोलतां तो म्हणाला, “गुरुजी, पहिले सहा महिने मी घराबाहेर पडलों नाहीं. एस.टी.त कोणी वळून पाहिलें तरी वाटे, यानें ओळखलें. पुढें कोणी ओळखेनासें झालें, तेव्हां त्याचेंही वाईट वाटूं लागलें.” थोडा वेळ गेल्यावर म्हणाला, “येथें चार पूर्णांक दोन आलें तर चार पूर्णांक दोनच म्हणावें लागतें. आवाज चढविल्यानें त्याचे पांच होत नाहींत.”

आम्हीं विचारलें, “अरे, त्या मुख्याध्यापकांकडे गेलास का?”

“दोनदां गेलों. पहिल्या वेळीं त्यांनीं दार उघडलें नाहीं. दुसऱ्या वेळीं आंत बोलाविलें, चहा दिला आणि म्हणाले, ‘तुमचा राग आतां उरला नाहीं. पण माझी मुलगी ज्या शाळेंत शिकविते तेथें तिला अजून विचारतात. तेथें येऊन सांगाल का?’ मी गेलों. शिक्षकांच्या खोलींत सात माणसें होतीं. इतकीं वर्षें लाखों लोकांसमोर बोलतांना कधीं पाय कांपले नाहींत, गुरुजी. त्या सातांपुढें कांपले.”

आमच्या मतें या सात माणसांच्या खोलींत सगळ्या प्रश्नाचें उत्तर आहे. धर्मशास्त्रकारांनीं प्रायश्चित्त या शब्दाची फोड तप आणि निश्चय अशी केली आहे. वाहिनीवरून एका क्षणांत गेलेली निंदा वाहिनीवरून परत येत नाहीं. ती जेथें जेथें जाऊन बसली असेल, तेथें तेथें पायीं जाऊन उठवावी लागते. हें तप. आणि गेलेला मान परत मिळो वा न मिळो, तरी हें करावयाचें, हा निश्चय. पदच्युत मनुष्य बहुधा आपल्या गेलेल्या खुर्चीचाच शोक करीत बसतो. ज्याची अब्रू त्याच्या हातून गेली त्याच्या दाराकडे त्याची दृष्टि वळली, म्हणजे त्याचे दिवस फिरूं लागले असें समजावें. त्यानंतर मिळेल तें लहान काम त्यास लहान वाटत नाहीं. मग तें रात्रीं अकराचा कार्यक्रम असो, वा दुधाचें माप.

यांत आपणां प्रेक्षकांचेंही कर्तव्य आहे. ‘तांदूळचोर’ हा शब्द एकानें उच्चारला खरा, पण जेवणाच्या ताटावर बसून तो चवीनें ऐकणारीं आणि शेजारीं जाऊन सांगणारीं आपलींच घरें होतीं. त्या मुलीला शाळेंत ज्यांनीं विचारलें, त्यांस कोणत्याही वाहिनीनें नोकरीवर ठेविलें नव्हतें. निवेदकास निदान शिक्षा तरी झाली. म्हणून कोणाचें नांव घेऊन आलेली निंदा घरांत आली, तर तिला एक दिवस उंबऱ्याबाहेर थांबवावें. खरी असेल तर दुसऱ्या दिवशींही ती खरीच राहील. आणि नोकरी गमावून, मान खालीं घालून कोणी आपल्या आळींत परत आला, तर पहिल्याच दिवशीं त्यास ‘काय झालें?’ म्हणून विचारूं नये. त्यास बसावयास सांगावें, पाणी द्यावें, आणि गांवांत त्याच्या जोगें कांहीं काम असेल तर तेवढें दाखवून द्यावें. उरलेली वाट त्याची त्यालाच चालावयाची आहे.