रांगेच्या टोकाला

"अगं, कंपनीवर कर्ज नऊशे कोटींचं आणि तिचा सरकारी खात्यावर दावा बाराशे कोटींचा. दावा जिंकला की वरचे तीनशे आम्हा शेअरवाल्यांचेच ना?" आमच्या सोसायटीतल्या निवृत्त काकांनी कागदांची पिशवी माझ्या टेबलावर पालथी केली. एका बुडालेल्या बांधकाम कंपनीचे वीस हजार शेअर त्यांनी सव्वादोन रुपयांनी उचलले होते.

मी नादारीच्या कामातली. रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणून निम्मा जन्म कफ परेडच्या कंपनी न्यायाधिकरणात, एनसीएलटीत, आपला नंबर कधी पुकारतात याची वाट बघण्यात गेलाय. काकांचं गणित मला नवं नव्हतं. सीए झाल्यावर पहिल्या दोन पगारांत मीही असलेच शेअर घेतले होते. ते अजून डिमॅटमध्ये आहेत. भावाच्या रकान्यात शून्य, आणि विकायची सोय नाही.

एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. वार्षिक अहवालाच्या टिपांत बघितलं तर बाराशे कोटींत केलेल्या कामाची थकलेली बिलं होती ३८० कोटींची. बाकी सगळं व्याज, हातचा गेलेला नफा आणि साइटवर यंत्रं नुसती उभी राहिली त्याची भरपाई. लवादाची कात्री आधी इथेच चालते. खात्याने उलट २१० कोटींचा प्रतिदावा ठोकला होता, तो कागद पिशवीत नव्हताच. देण्यांची बाजू आणखी वाईट. नऊशे कोटी हा जुन्या ताळेबंदातला आकडा. मान्य झालेल्या दाव्यांची यादी कंपनीच्या वेबसाइटवर टाकावी लागते. तिथली बेरीज १,६४० कोटी. व्याज वाढलं होतंच, शिवाय त्याच खात्याने बँक गॅरंट्या वटवल्या होत्या. गॅरंटी वटली की पैसे बँक भरते आणि तेवढं देणं कंपनीच्या डोक्यावर बसतं. ज्याच्याशी भांडण, त्यानेच काकांच्या पुढची रांग लांबवलेली.

कंपनी मोडीत निघाली तर ही रांग नादारी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे लागते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर पगारदार, विनातारण सावकार, सरकारी देणी, उरलेले देणेकरी, प्रेफरन्स शेअरवाले, आणि अगदी टोकाला काका. बाराशेच्या बाराशे कोटी उद्या सकाळी रोख आले तरी त्यांच्या आधी ४४० कोटींचा खड्डा उरतो. वकील कोण दिलाय, हे विचारण्यात मग काही अर्थ राहत नाही.

काकांसारखं गणित सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडलं गेलंय, आणि तिथे ते ऐकून घेतलं गेलं. नागपूरजवळ बुटीबोरीला ६०० मेगावॉटचा प्रकल्प असलेली विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर. इंधनखर्चाच्या वादात वीज अपिलीय न्यायाधिकरणाने २०१६ साली तिच्या बाजूने निकाल दिला होता. त्यावर राज्य वीज नियामक आयोग अपिलात गेला. कंपनीचं म्हणणं, आम्हाला १,७३० कोटी यायचेत, अ‍ॅक्सिस बँकेचे ५५३ कोटी त्यातून सहज फिटतील. नादारीचा अर्ज दाखल करून घेताना अशी गोष्ट विचारात घेता येते, असं न्यायालयाने १२ जुलै २०२२ला म्हटलं. आमच्या धंद्यातल्या अनेकांना तो निकाल रुचला नाही, मला पटला. पण तिथे प्रश्न कंपनीला नादारीत ओढायचं की नाही एवढाच होता. २०२४मध्ये ती नादारीत गेलीच, आणि २०२५मध्ये प्रकल्प अदानी पॉवरकडे गेला, ४,००० कोटींना.

जिंकलेला दावाही हातात येईपर्यंत खरा नाही. दिल्ली विमानतळ मेट्रोच्या वादात रिलायन्स इन्फ्राच्या उपकंपनीला २०१७मध्ये सुमारे २,७८२ कोटींचा लवादी निवाडा मिळाला. उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तो राखला, खंडपीठाने उडवला, २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत उभा केला, पुनर्विलोकनही फेटाळलं. संपलं म्हणावं, तर एप्रिल २०२४मध्ये क्युरेटिव्ह याचिकेत निवाडा रद्द, आणि घेतलेले पैसे परत करा. रिलायन्स इन्फ्राचा शेअर त्या दिवशी २० टक्के कोसळला. शिवाय सरकारी उपक्रमांनी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटीवर आधीच द्यावी, असं केंद्राने २०१६मध्ये ठरवलं. त्यामुळे अहवालात 'जिंकलेला' म्हणून मिरवणारा दावा पुष्कळदा खर्चूनही झालेला असतो.

मी मात्र हल्ली पाकिटावर पहिला प्रश्न वेगळाच लिहिते: दावा आता कुणाचा? डीएचएफएल या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीत सावकारांची मागणी सुमारे ८७,००० कोटींची होती, कंपनी ताब्यात घेण्याची पिरामल यांची योजना ३४,२५० कोटींच्या आसपासची. जुन्या व्यवस्थापनाने फसवणुकीचे व्यवहार केल्याचा आरोप होता आणि त्या वसुलीचे कलम ६६खालचे अर्ज सुमारे ४५,००० कोटींचे होते. योजनेत त्यांची किंमत धरली एक रुपया. वसूल होईल ते पिरामलकडे. यावर चार वर्षं भांडण चाललं. कंपनी अपिलीय न्यायाधिकरणाने फेरविचार करायला सांगितलं, पण १ एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने योजना होती तशी कायम केली. एक रुपया ऐकून लोक चिडतात. मला तो आकडा प्रामाणिक वाटतो. भांडायचा खर्च आणि धोका ज्याने अंगावर घेतला, त्याच्या पदरात लाभ. शेअरवाला त्या टेबलावर नव्हताच. जून २०२१मध्ये योजना मंजूर झाली तेव्हा बाजारात हा शेअर उसळला होता. आठवडाभरात व्यवहार बंद, आणि भागधारकांच्या वाट्याला शून्य.

काकांच्या कंपनीची योजना मी शोधून काढली. दाव्याबद्दल एकच ओळ होती: सर्व वसुली यशस्वी बोलीदाराची. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पाकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या सोमवारी सव्वानऊला, बाजार उघडता उघडता त्यांचा फोन. "अगं, वरचं सर्किट! दोन छत्तीस!"

वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावाला, घेणारे रांगेत उभे असतात, विकणारा नसतो. "काका, आत्ताच्या आत्ता विका," मी म्हटलं.

"वेडी का काय? आता कशाला विकू?"